रोशेलची निळी फाइल

रोशेल टॉलिव्हर ही माझ्या पाहण्यातली सगळ्यात चांगली मास्तरीण. मी शाळा आठवीत सोडली. मास्तरांच्या जातीवर माझा तसा राग, त्यामुळे हे उगाच कौतुक नाही. ज्या पोराला तीन वर्षांत कुणाला 'क' शिकवता आला नाही, ते पोर हिच्यासमोर जमिनीवर पालथं पडून वाचायला लागायचं. पालथं पडायची परवानगी तिनेच दिलेली. हेडबाई बोलल्या तर ही म्हणायची, "वाचतंय ना? मग डोक्यावर उभं राहून वाचू दे."

टेक्ससमध्ये आमच्या गावाला लष्करी तळाशिवाय दुसरं काही नाही. तळाच्या फाटकाबाहेर माझं घर आणि समोरचं टॉलिव्हरांचं. नवरा लमाँट सार्जंट, मुलगी ब्रिएल नऊ वर्षांची. अकरा वर्षांत पाच बदल्या. प्रत्येक राज्याला मास्तरणीचा परवाना नवा लागतो. नवी फी, नवी परीक्षा, पुन्हा बोटांचे ठसे, जसं काही बाईने दरोडा घातलाय. परवाना हातात येईपर्यंत पुढच्या बदलीचा हुकूम दारात. कॅन्ससमध्ये तिने शाळेत मुलांना जेवण वाढलं, जॉर्जियात आजारी मास्तरांच्या जागी रोजंदारीवर उभी राहिली. टेक्ससमध्ये कुठे सूत जमलं. दुसरीचा वर्ग, तिचा स्वतःचा. दारावर तिचं नाव मुलांनी रंगवलेलं.

तेवढ्यात फेब्रुवारीत लमाँटची बदली निघाली. नॉर्थ डकोटा. जी कॉलेजातली पोरं पुढे लष्करात अधिकारी होणार, त्यांना शिकवायचं काम. तीन वर्षं, रोज संध्याकाळी पाचला घरी. हा माणूस चार वेळा लढाईवर जाऊन आलेला. ब्रिएलच्या नऊ वाढदिवसांतले तीन त्याने पाहिले.

रोशेल माझ्या स्वयंपाकघरात आली आणि खुर्चीवर बसलीच.

"मिस अर्लीन, रोज पाचला घरी! मला तर भीतीच वाटते. एवढा वेळ या माणसाशी बोलायचं काय?"

"आणि तुझा वर्ग?"

"तिथल्या शाळेत दुसरीची एक जागा आहे. मी फोनवर बोलले. हेडबाई म्हणाल्या, शाळा उघडायच्या आत परवाना दाखवा, जागा तुमची."

"त्याला एकट्याला जाऊ दे. पुष्कळजणी राहतात मागे. फिरलीस तेवढी पुरे झाली."

"नाही. मला दोन्ही पाहिजेत. नवरा घरात आणि वर्ग हातात. एकदा तरी दोन्ही, मिस अर्लीन. मग काय म्हणाल ते ऐकते."

मी तिच्यापुढे कॉफी ठेवली. मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत.

परवान्यासाठी तिथल्या कार्यालयाला सगळे कागद अस्सल हवे होते. पदवी, गुणपत्रकं, पाच राज्यांतल्या शाळांची शिक्क्याची पत्रं. हे सगळं रोशेलच्या निळ्या फाइलीत. टपालावर तिचा भरवसा नव्हता. जुलैत जातानाच वाटेत स्वतः खिडकीवर नेऊन देणार होती.

बदलीत सामान बांधायला लष्कराने ठरवलेली माणसं येतात. ती दिसेल ते बांधतात. जे बांधायचं नसतं ते न्हाणीघरात ठेवायचं आणि दारावर कागद चिकटवायचा: 'हात लावू नये.' आमच्याकडे नवी नवरी हे लग्नाच्या शपथेआधी शिकते. टॉलिव्हरांच्या घरी न्हाणीघराची जबाबदारी लमाँटकडे होती. गणवेश, औषधं, ब्रिएलची बाहुली आणि फाइल, सगळं त्याने टबात रचून ठेवलं होतं.

सामान बांधायच्या दिवशी मी दुपारी तळलेलं चिकन घेऊन गेले. पण नुसतं चिकन द्यायला गेले नव्हते. दोन दिवसांनी राजधानीत आमदारांच्या समितीसमोर मला बोलायचं होतं, की या बायकांचे परवाने राज्याराज्यांत अडवून तुम्ही काय मिळवता. त्यासाठी मला आकडे हवे होते. कुठे किती महिने लागले, कुठे कितीदा परीक्षा. मी न्हाणीघरात गेले, फाइल उचलली आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर पसरून उतरवून घ्यायला लागले. कुणाला विचारलं नाही. मी कधी कुणाला विचारते?

एवढ्यात मागे बघते तर एक बाप्या कचऱ्याची बादली कागदात गुंडाळतोय. आत सकाळची अंड्याची टरफलं!

"ए दादा, कचरा बांधतोस?"

"बाई, आम्हाला सांगितलंय, घरात असेल ते भरायचं."

"मग मलाही भर! मीही घरातच आहे!"

लमाँट दारात उभा राहून पोट धरून हसत होता. "मिस अर्लीन, तुमचं खोकं होणार नाही, मॅडम. झाकण बसायचं नाही."

मी अंगणात जाऊन त्यांच्या मुकादमाला धरलं. नाव विचारलं, कंपनीचा फोन मागितला, अर्धा तास बोलले. मुकादमाने बादली परत केली. मी ती ढालीसारखी मिरवत आत आले. ओटा लख्ख पुसलेला होता. माझी वही खिडकीत ठेवलेली. फाइल? खरं सांगते, फाइल माझ्या डोक्यातच नव्हती. वही उचलली आणि घरी आले.

चौथ्या दिवशी रोशेलचा फोन आला, त्या कार्यालयाच्या खिडकीवरून. आवाज बारीक झालेला.

"फाइल नाही, मिस अर्लीन. गाडी पूर्ण रिकामी करून बघितली. त्याला एकच काम सांगितलं होतं. एकच."

मला त्याच क्षणी ओटा दिसला. आणि मी काय बोलले? "पुरुषांना एक काम सांगून बघावं, झालं!" हे मी म्हटलं. समितीत आदल्याच दिवशी तिचे आकडे वाचून दाखवले होते, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या अजून कानात होत्या. त्यात हे कसं सांगू, असं वाटलं. उद्या सांगू म्हटलं.

त्यांना तिथलं घर मिळायला उशीर झाला, सामान गोदामात पडलं. मिसिसिपीतल्या तिच्या कॉलेजने नव्या प्रतींना दीड महिना लावला. ऑगस्टच्या शेवटी शाळा उघडली आणि जागा दुसऱ्या बाईला गेली. लहान गाव, दुसरी जागा निघालीच नाही. ऑक्टोबरात सामान आलं तेव्हा फाइल स्वयंपाकघराच्या खोक्यात, भांड्यांच्या झाकणांखाली सापडली. नोव्हेंबरात परवाना आला. तोवर रोशेल त्याच शाळेत मुलांना जेवण वाढत होती.

फोन व्हायचे. एकदा ब्रिएलने उचलला.

"काय गं, काय चाललंय?"

"डॅडी स्वयंपाक करतात. रोज. मॉम खोलीत जेवते."

एकदा लमाँटच बोलला. "मिस अर्लीन, मी ती टबातच ठेवली होती, मॅडम. शपथेवर सांगायचो. आता मलाच खात्री वाटत नाही. ठेवली असती तर गेली कुठे?"

मी म्हटलं, "जाऊ दे रे. होतं असं माणसाच्या हातून."

माणसाच्या हातून. कुठल्या माणसाच्या, ते जिभेवर आलं नाही. जनरलला तोंडावर खोटारडा म्हणाले आहे मी, त्याच जिभेने.

तीन वर्षं अशी संपली. लमाँटला पुन्हा समुद्रापारचा हुकूम आला, एकट्याला, वर्षभर. रोशेल आणि ब्रिएल आमच्या गावात परत आल्या. जूनमध्ये ती माझ्याकडे आली, त्याच खुर्चीवर बसली. केस पिकले होते.

"विमानतळावर त्याने मिठी मारली ना, मी लाकडासारखी उभी. तीन वर्षं पाचच्या ठोक्याला घरी यायचा तो. मक्याची भाकरी करायला शिकला माझ्या आईला फोन करून. मी एकदा चांगली झाली म्हटलं नाही. एका फाइलीसाठी. मी अशी कशी झाले, मिस अर्लीन?"

तेव्हा सांगितलं. ओटा, वही, बादली, सगळं.

"तुम्ही उचलली."

"मी उचलली."

"आणि फोनवर मला काय म्हणालात?"

"आठवतंय मला."

"तो माझी माफी मागत होता. वर्षानुवर्षं. आणि तुम्हाला माहीत होतं." आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर मला भांडता आलं असतं. "वर्ग गेला ते मी पचवलं असतं. नोकरी माझी दर बदलीत गेलीय. पण तो घरात होता हो. तीन वर्षं घरात होता."

मी म्हटलं, आत्ता फोन लावू, मी बोलते त्याच्याशी. ती म्हणाली, तो प्रवासात आहे, आठवडाभर फोन नाही. मग माझ्याच वहीचा एक कागद फाडून त्याच्यावर पत्ता लिहिला.

"तुम्ही मोठमोठ्या लोकांना पत्रं लिहिता ना? याला लिहा. सगळं लिहा. माझ्यातर्फे काही लिहू नका, ते माझं मी बघीन."

लिहिलं. चार दिवस लागले. पहिल्या तिन्ही पत्रांत मुकादमाचीच चूक जास्त निघत होती, ती फाडली. चौथं टपालात टाकलं.

लमाँटचं उत्तर सात आठवड्यांनी आलं, चार ओळींचं. 'मिस अर्लीन, मॅडम, पत्र मिळालं. म्हणजे मी टबातच ठेवली होती. एवढं कळलं ते बरं झालं. रोशेलला त्रास देऊ नका.'

ऑगस्टपासून रोशेल तिच्या जुन्या शाळेत जाते. जुना वर्ग आता दुसऱ्या बाईंचा, ही तिथे मदतनीस. सकाळी माझ्या दारावरून जाते. मी व्हरांड्यात असले तर "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणते. मिस अर्लीन म्हणत नाही, आणि थांबत नाही.