टाकीच्या वरची जागा

तुमच्याआधी हे कुणाच्या कानावर गेलेलं नाही. मित्र नाहीत असं नाही. नॉटिंगहॅमच्या मंडळात कित्येक वर्षं काढली, गणपतीत खुर्च्या उचलल्या, लोकांच्या अडीअडचणीला उभा राहिलो. त्यांच्यातल्या कुणाला नाही सांगितलं. मृणालला, माझ्या बायकोला, तर नाहीच. आणि सांगायला हवं होतं ते खरं तर तिलाच.

गोष्ट बॉयलरची आहे. हसू आलं तर हसा. मीसुद्धा आजवर ती लोकांना बॉयलरचीच गोष्ट म्हणून सांगत आलो — इंग्लंडातली घरं, इथले नियम, इथले फिटर. लोक माना डोलावतात. प्रत्येकाकडे एक बॉयलरची गोष्ट असतेच.

आमचं घर लहान. वर दोनच खोल्या. एकीत आम्ही दोघं, आणि रस्त्याच्या बाजूला दुसरी — एक पलंग टाकला की संपली. तिच्या कोपऱ्यात भिंतीतलं कपाट, आणि कपाटात गरम पाण्याची उभी टाकी. टाकीमुळे ते कपाट कायम उबदार. शेजारीपाजारी त्यात टॉवेल वाळवतात. आमच्याकडे आई आली की त्यात दही लागायचं, मटकीला मोड यायचे. एकदा इडलीचं पीठ फुगून टॉवेलांवर उतरलं होतं. “उन्हाळा कपाटात कोंडून ठेवलाय तुम्ही,” आई म्हणायची.

आई मिरजेची. वडील गेल्यावर एकटी. दोनदा आमच्याकडे येऊन सहा-सहा महिने राहिली, त्याच खोलीत. ती रमायची. बस ड्रायव्हर तिला इथल्या रीतीप्रमाणे लाडानं ‘डक’ म्हणाला, तर घरी येऊन सांगते, “मला बदक म्हणाला तो. मी थँक्यू म्हटलं.” मृणाल त्यावर आठवडाभर हसत होती. ‘आज बदक कुठे गेलं होतं?’ असं विचारायची, आणि आई तिला लाटणं दाखवायची. मृणाल हॉस्पिटलात फार्मसीत आहे. तिच्या शिफ्टच्या वेळा माझ्यापेक्षा आईला पाठ होत्या. दोघींचं जमायचं. चारचौघांत म्हणायचं म्हणून म्हणत नाही — खरंच जमायचं. हे ध्यानात राहू द्या.

मग खुपत होतं कुणाला?

मला. आई त्या खोलीच्या खिडकीत बसायची. थंडीत दुपारीच अंधारतं इथं. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दिवसभर बोलायला कोणी नाही, म्हणून माझं घरी येणं हाच तिचा दिवस. गाडी वळली की तिचा हात वर जायचा. मग जिन्याच्या तोंडाशी उभी — काय खाल्लंस, कोण काय बोललं, चेहरा का उतरलाय. साधे प्रश्न. मला राग येत नसे. त्याहून वाईट — माझा जीव गुदमरायचा. ऑफिसात दिवसभर कुणाशी न बोलता राहण्याची मला सवय झाली होती, आणि घरी आल्यावर एक माणूस माझ्याच शब्दांची वाट पाहत असायचं. पुढे पुढे मी तीन घरं अलीकडे गाडी थांबवून बसू लागलो. दिवे बंद करून. ती वर खिडकीत, मी खाली अंधारात. आपली कुणीतरी वाट पाहतंय, हे माणसाला हवंच असतं ना? मला ते सोसेना. का, हे मला आजही नीट सांगता येत नाही, आणि सांगता आलं तरी त्यानं पुढचं काही बदलत नाही.

तिसऱ्यांदा ती एप्रिलमध्ये येणार होती. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात घर आणि पाणी तापवणारा बॉयलर बंद पडला. तो गॅरेजमध्ये होता. कीथ नावाचा फिटर आला, स्थूल, हसरा, गुडघ्यांवर हात टेकून उठणारा. म्हणाला, जुन्याच्या जागी नवा बसवू. पाइप तयार आहेत, एका दिवसाचं काम. मी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

मीच विचारलं, की वर टाकीच्या कपाटात नाही का बसणार? टाकीच्या वर?

तो वर आला. कपाट उघडून बराच वेळ बघत राहिला. बसेल, म्हणाला, पण कपाट पुढे वाढवावं लागेल, आणि समोर माणसाला उभं राहून काम करता येईल एवढी जागा कायमची मोकळी लागेल. मग त्यानं पलंगाकडे पाहिलं.

“हा जाईल, डक. इथं झोपतं कोण?”

“कोणी नाही,” मी म्हणालो.

पलंगाच्या पायथ्याशी आईची शाल घडी घालून ठेवलेली होती. पुढच्या वेळी ओझं नको, म्हणून ती मुद्दाम ठेवून गेली होती.

पुढचं काम मी नव्हतं केलं, पण बघत उभा होतो. कीथ आणि त्याचा मदतनीस, दोघांनी मिळून बॉयलर जिन्यावरून वर चढवला. बाहेरच्या भिंतीला भोक पाडून धुराचा नळ काढला. तांब्याचे पाइप कापले, वाकवले, टाकीच्या डोक्यावर बॉयलर टांगला. कपाट पुढे वाढवून नवी दारं लावली. पलंग मात्र मी स्वतः खोलला. मृणाल कामावरून आली आणि कोट न काढता दारात उभी राहिली. “आई कुठे झोपणार?” एवढंच विचारलं तिनं. मी सांगितलं, गॅरेजमध्ये पाइप गोठतो, फिटर म्हणाला दुसरी जागाच नाही. पाइप गोठतात हे खरं आहे. खोट्यात थोडं खरं मिसळलं की ते टिकतं.

आईला फोनवर वेगळं सांगितलं. म्हटलं, ज्या खोलीत बॉयलर असतो तिथं झोपायला इथं बंदी आहे. असा काही नियम नाही. कीथ तर जाताना म्हणाला होता की पाहुणे आले तर घडीचा पलंग टाका, गॅसचा अलार्म लावलाच आहे. आई म्हणाली, मग हॉलमध्ये पडेन की एका कोपऱ्यात. मी म्हटलं, बघू.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, एक खोटं बोलला बिचारा, त्यात काय एवढं? इथवर मीही तसंच म्हणत होतो.

दोन दिवसांनी मृणालनं स्वतःच मार्ग काढला. आपली खोली आईंना देऊ, आपण दोघं हॉलमधल्या सोफ्यावर झोपू, सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. “तूच सांग त्यांना,” म्हणाली. “मी सांगितलं तर त्यांना संकोच वाटेल.” मी ‘हो’ म्हटलं. आईला सांगितलं नाही. आठवड्यानं मृणालला सांगितलं, विचारलं मी, ती नको म्हणाली — गुडघे, थंडी, एवढा प्रवास.  मृणालला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं.

आणि मग एका रविवारी आईचा फोन आला. मृणाल बाहेर गेली होती. इकडचं तिकडचं झालं, आणि आई मध्येच थांबली.

“एक विचारू? मृणालला नको आहे का मी? खरं सांग. मी रागावणार नाही.”

नाही, हा एक शब्द होता. तो खराही होता. त्याला काही धैर्य लागत नव्हतं. पण ‘नाही’ म्हटलं असतं तर मग कुणाला नको आहेस, हा प्रश्न उरला असता — आणि त्या प्रश्नापुढे मी एकटाच उभा होतो.

मी गप्प बसलो. खोटं बोललो नाही. फक्त गप्प बसलो, तिला पुरेल इतका वेळ.

“बरं,” आई म्हणाली. मग तिनं विचारलं, तिकडे अजून बर्फ पडतो का.

त्यानंतर ती मृणालशी बोलायची ती जपून. मृणाल व्हिडिओ कॉलवर मनापासून म्हणायची, आई, या ना आता, आणि आई म्हणायची, बघू, तुमच्याकडे जागेची अडचण. मृणालला वाटायचं, एवढी खोली देऊ केली तरी यांना अडचणच दिसते. आईला वाटायचं, तोंडदेखलं बोलावतेय. मी त्याच टेबलाशी जेवत असायचो. दोघींचे चेहरे मला दिसायचे. त्या दोघींमध्ये माझ्याशिवाय काहीही नव्हतं.

आई पुन्हा आली नाही. दोन वर्षांनी ती आजारी पडली. मृणाल माझ्याआधी मिरजेला पोहोचली, रजा मिळवून, रात्रीच्या विमानानं. मी गेलो तेव्हा ती हॉस्पिटलच्या व्हरांड्यात हातात कंगवा घेऊन बसली होती. तिनं आईचे केस विंचरायला घेतले होते, आणि आईनं तिचा हात हळूच बाजूला केला होता. “राहू दे. तुला कशाला त्रास.” रागानं नाही — परक्या माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात.

“माझं काय चुकलं रे?” मृणालनं मला विचारलं.

आईच्या खोलीचं दार उघडं होतं. आई जागी होती, शुद्धीवर होती, पाच-सहा पावलांवर. मृणाल माझ्यासमोर होती. दोघीही एकदम हाताशी असण्याची ती वेळ होती, आणि मला ते तेव्हाच कळत होतं. नंतर कळलं असं मी म्हणणार नाही.

“आजारपणात माणूस असंच बोलतं,” मी म्हणालो, आणि खाली चहा आणायला गेलो.

त्याच आठवड्यात आई गेली.

आता घरात आम्ही दोघं. मृणालच्या शिफ्ट असतात. बऱ्याचदा ती येते तेव्हा मी झोपलेला असतो, निदान तसं दाखवतो. कोणी खिडकीत नसतं. मी थेट दारासमोर गाडी लावतो. मला हवी होती ती शांतता मला मिळाली आहे.

मृणाल आता ते फारसं विचारत नाही. परवा जेवताना मात्र, काही विषय नसताना, म्हणाली, “आईंच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी होतं. माझंच काहीतरी चुकलं असणार. आता कोण सांगणार?”

मी तिच्याकडे पाहिलं. मग आमटी वाढून घेतली.

तिचं काहीही चुकलं नव्हतं. हे मी तुम्हाला सांगितलं आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.