पागोळीखालच्या कुंड्या

मला माझ्या सख्ख्या भावाने फसवलं. दिलीपने. एका पडवीच्या बोलीवर त्याने माझ्याकडून जमिनीचा हक्क सोडवून घेतला आणि नंतर ती पडवीही घेतली. जे अजून मेढ्यात आहेत आणि जे माझ्यासारखे मेढा सोडून सांगलीकडे आले, त्या सगळ्यांनी हे एकदा नीट वाचावं, कारण गावात तो भलतंच सांगत फिरतोय.

लग्नानंतर मेढ्याच्या स्टँडवर साताऱ्याची एसटी धरली, त्या दिवशी मी ट्रंकेच्या लगेजवरून कंडक्टरशी भांडले. हातात नवा चुडा आणि तोंड चालू. ट्रंक शेवटी बिनपैशाने गेली. नवरा फौजी, त्याला गंमत वाटली. आईला वाटली नाही. खिडकीशी येऊन ती म्हणाली, "ह्या तोंडावर तू कुठंबी जगशील. पर तुला परत कोण बोलवायचं न्हाई." मी तेव्हा त्यातला पहिला अर्धाच ऐकला.

सासरचं तासगाव माझ्या अंगाला मानवलं नाही. मेढ्यात घोंगडं ओढून बसायच्या दिवसांत इथे पंख्याखाली घाम. सासरी बेदाण्याची एक शेड होती, द्राक्षबाग मोडल्यावर ओस पडलेली. वर शेडनेट, आत एकावर एक जाळीचे रॅक. नवऱ्याने उत्तर बंगालातल्या पोस्टिंगवरून येताना किटबॅगेत एक ऑर्किड आणलं. जाड पानं, आणि पांढरे पतंग ओळीने दांड्यावर बसावेत तशी फुलं. फॅलेनॉप्सिस. ते त्या शेडमध्ये जगलं, म्हणून मी आणखी मागवली. माती नाही, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा. कुंड्या पारदर्शक, कारण मुळं बघावी लागतात. मूळ चांदीसारखं दिसलं की पाणी द्यायचं, हिरवं असलं की गप्प बसायचं. सांगलीच्या डेकोरेशनवाल्यांशी घासाघीस करत मी ती शेड भरली. कुणाच्या बापाचा आधार नव्हता.

अडचण एकच होती. फुलाचा दांडा फुटायला या झाडाला गारवा लागतो. तासगावात गारवा पडेपर्यंत निम्मी लग्नसराई उरकलेली असते. मेढ्यात मात्र पावसाळाभर हवाच अशी असते, की दसऱ्यापर्यंत दांडा हातभर होतो.

म्हणून वडील गेल्यावर दिलीप हक्कसोडावर सही मागायला आला, तेव्हा मी सौदा केला. इतर घरांतल्या बहिणी एका साडीवर सही देतात. मी म्हटलं, घरामागची पडवी दर पावसाळ्यात माझ्या झाडांना. तो हसला. "पडवी काय मागतीस आक्का? घरच तुझं हाय की." आईसमोर बोलला. मी सही दिली.

काही पावसाळे तसं चाललं. झाडं माहेरपणाला जायची आणि दांडे घेऊन परत यायची. दिलीप आणि आई, मी दोघांनाही शिकवलं होतं. गाभ्यात, म्हणजे पानं जिथून फुटतात तिथे, पाणी साचू द्यायचं नाही. साचलं की गाभा कुजतो आणि झाड संपतं. जंगलात हे झाड फांदीवर कललेलं वाढतं, पाणी आपोआप निथळतं. कुंडीत ते सरळ उभं असतं, तिथे माणसाने बघायचं. आई कापसाची वात करून एकेका गाभ्यातलं पाणी टिपायची. "तान्ह्याचं नाक पुसल्यावानी हाय हे," म्हणायची.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर टेम्पो घेऊन गेले, न सांगता. पडवीला दार बसलेलं. आत टाइल्स, पलंग, गीझर. होमस्टे. पलंगाशेजारी माझीच दोन ऑर्किडं, पहिली फुलं उमललेली. पलंगावरची बाई मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "मावशी, चहा मिळेल का?" दिलीप दारातच उभा होता. ही माझी बहीण, एवढंही त्याच्या तोंडून निघालं नाही. म्हणाला, "आणतो की, मॅडम."

बाकीची झाडं मागच्या अंगणात होती. पत्र्याच्या कडेला, बरोबर पागोळी पडते त्या रेषेत, उभी लावलेली. मी पहिल्या झाडाचं पान धरलं. ते लिबलिबीत होऊन हातात आलं, घाण वास सुटला. दुसऱ्याचं तेच. शेवटच्याचंही तेच.

"झाडंच ती आक्का. माणूस गेल्यावानी काय करतीस?"

"फेकून दिली असतीस तरी जगली असती रं. आडवी पडली असती, पाणी निथळलं असतं. उभी का केली?"

"मग कुठं ठेवू? डोक्यावर? सीझन हाय माझा."

मी आत गेले आणि पलंगाजवळच्या दोन्ही कुंड्या उचलल्या. तो मागे धावला. "आक्का, पाव्हणे हायत!"

"मग त्यास्नी पागोळी दाखव," म्हटलं आणि टेम्पोत बसले. आई सगळा वेळ चुलीपुढे होती. तिने मान वळवली नाही.

आता तो गावात सांगतोय की आक्काने पाहुण्यांसमोर शिव्या दिल्या आणि झाडं मरायला तासगावचं ऊन कारण. शिव्या दिल्या हे खरं. दुसरं खोटं.

कऱ्हाड मागे पडल्यावर हवा कोरडी झाली आणि नांदायला आल्यापासून पहिल्यांदा मला ती बरी वाटली. घरी कोण कोण आहे असं कुणी विचारलं, तर आता मी शेडमधली झाडं सांगते. शेडला कूलर बसवतेय. दांडे इथेच फोडीन.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दिलीपला दोन वस्तू एका ओळीत ठेवता येत नाहीत. त्याच्या चपलासुद्धा अंगणाच्या दोन टोकांना असतात. त्या कुंड्या बोटभर अंतर राखून ठेवलेल्या होत्या, प्रत्येकीचं मोठं पान एकाच बाजूला. फडताळातले डबे असे कोण लावतं, ते मी परकर नेसायच्या वयापासून बघत आले आहे.

दिलीप, हे आईला वाचून दाखव, एक शब्द न गाळता.

आई, कुंड्या तू मांडल्यास. गाभ्यात पाणी गेलं की काय होतं, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं. विसरलीस? की त्याने सांगितलं म्हणून मांडल्यास? की मी पुन्हा त्या घरात येऊ नये म्हणून? फोनवर नको, दिलीपच्या तोंडून नको. तासगावला ये, माझ्यासमोर बस आणि सांग.