समुद्रात कुणी घर बांधतंय का

दादांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, समुद्रात कुणी घर बांधतंय का? हे समदं पुसून टाका."

बोटाखाली फिलिपिन्समधल्या एका छोट्या गावाचा किनारा होता. मागे डोंगर, पुढे समुद्र, मधे चिंचोळी सपाट पट्टी. आम्ही मात्र बसलो होतो केजला, खताच्या दुकानावरच्या मजल्यावर. मी जीआयएसचं काम करते, म्हणजे उपग्रहाने काढलेल्या फोटोवरून नकाशे बनवते. पुण्याच्या एका कंपनीकडून हे गाव आमच्याकडे आलं होतं. फोटोत दिसेल त्या प्रत्येक छपराभोवती रेघ मारायची, एवढंच काम. छपरांवरून लोकसंख्येचा अंदाज निघतो. त्या अंदाजावर तिथली नगरपालिका ठरवणार होती, वादळात माणसं हलवायला निवारे कुठे बांधायचे.

आणि निम्मी छपरं तर पाण्यावरच होती. दाट, एकमेकांना खेटून. मधून फळ्यांच्या वाटा, कडेला होड्या. घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, असं मी दादांना सांगितलं. खांब दाखवा म्हणाले. वरून काढलेल्या फोटोत छपराखालचे खांब कसे दिसणार? मग ते नाहीतच, असा दादांनी निकाल दिला. फोटो पुरातला असेल म्हणे.

दादा म्हणजे आमचे मालक. घरात शेती आणि राजकारण, दोन्ही बागायती. त्यांच्या वडिलांचं मंगल कार्यालय नदीच्या पात्रात उभं आहे. सरकारी नकाशात तिथे आजही नुसतं पाणी दिसतं. पाण्यात बांधकाम होत नाही हे अशा घरातल्या माणसाला कुणी शिकवलं, कोण जाणे.

मी पुसणार नाही म्हटलं, आधी पुण्याला विचारा. पुण्याला विचारण्यात दादांना कमीपणा वाटतो. त्यांनी शेजारच्या सचिनला सांगितलं. सचिनचं लग्न ठरलेलं, नोकरी टिकवायची होती. त्याने चहा यायच्या आत अख्खी वस्ती पुसली. किनाऱ्याच्या त्या भागात जमिनीवरची शाळा, चर्च आणि बोटींच्या धक्क्यावरची शेड तेवढी उरली. फाइल गेली.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल आला. पलीकडे त्या नगरपालिकेतल्या तेरेसाबाई होत्या. शांत बाई. त्यांनी विचारलं, किनाऱ्यावरच्या बारांगायमध्ये एकही माणूस कसा नाही? बारांगाय म्हणजे आपल्याकडचा वॉर्ड. तुमच्या नकाशाप्रमाणे तिथे निवारा लागणारच नाही, असं त्या म्हणाल्या.

दादा खुर्चीत सरसावले.

"मॅडम, पीपल आर गॉन. फॉर शुगरकेन."

बाईंना कळेना. मग दादांनी समजावलं, की आमच्या बीडमध्येसुद्धा दिवाळीनंतर अर्धं गाव ऊस तोडायला बाहेर जातं, तसंच ते. मी खाली बघत बसले. ऊसतोडीला गेलेला माणूस घर काखोटीला मारून नेत नाही, एवढंही दादांना सुचलं नाही.

तेरेसाबाईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कुणी कुठेही गेलेलं नाही. मी आत्ता तिथूनच बोलतेय. हे माझ्या आईचं घर."

त्यांनी फोन खिडकीकडे वळवला. खाली हिरवं पाणी, खांबाला बांधलेली होडी. समोरच्या घराच्या कठड्यावर एक म्हातारी कपडे वाळत घालत होती. तिने आमच्याकडे बघून हात हलवला. सचिनने मान फिरवली. वादळ आलं असतं तर या बाईला न्यायला कुणी आलं नसतं, कारण केजमध्ये काढलेल्या नकाशात ती नव्हतीच.

दादांनी माइक बंद केला आणि माझ्या कानाशी म्हणाले, "पाणी उतरलेलं दिसत न्हाई अजून."

पुसण्याआधीची फाइल माझ्याकडे होती. ती मी त्याच दुपारी पाठवली. तिथला निवारा आता वस्तीमागच्या टेकडीवर होतोय, असं तेरेसाबाईंनी नंतर कळवलं. दादांनी इकडे एका कॉलेजात 'सागरी वस्त्यांचे प्रश्न' या विषयावर व्याख्यान दिलं आणि शाल-श्रीफळ घेऊन आले.

या धंद्यात नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगते: मालक खोलीत यायच्या आधी फाइलची एक कॉपी करून ठेवा.