मायची नक्कल

"कर न वं पोट्टे, तुही माय पानी कशी पेते ते करून दाखव."

मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या ओसरीवर चार पाहुण्या बाया बसल्या होत्या. मी खाली अंगणात. वय अकरा-बारा. त्यांच्या मळ्यात आम्ही वांगी तोडायचो, मी आणि माय. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. त्यांच्या माठाला आमचा हात लागायचा नाही. तहान लागली की माय अंगणात वाकायची, ओंजळ तोंडाशी धरायची, आणि वरून कुणीतरी पाणी ओतायचं.

मी केलं. गुडघे वाकवले, मान पुढे काढली, ओंजळ हनुवटीला लावली. पाणी नव्हतंच, तरी गटागटा आवाज काढला. पाणी कोपरावरून चोळीत शिरलं की माय शहारायची, तशी शहारले. पाहुण्या हसून हसून लवंडल्या. एकीनं डोळे पुसले. मग मी आणखी केलं. कुणी हसलं की माझ्या अंगात यायचं.

वळून पाहिलं तर फाटकात माय. डोक्यावर वांग्यांची टोपली. तिनं सगळं पाहिलं होतं.

ती हसली. मालकीणबाई हसत होत्या, म्हणून हसली.

मला मूठभर चिवडा मिळाला. वरून ओच्यात टाकलेला. ती हुशार पोरगी, म्हणजे मीच, रस्ताभर तो खात गेली. वर मायला विचारलं, कशी केली? माय म्हणाली, "बराबर केली."

तुम्हाला वाटेल, त्या दिवशी मी काही शपथबिपथ घेतली. कशाची घेते! पुढची तीन-चार वर्षं मी जात राहिले. पाहुणे आले की बोलावणं यायचं. मी वस्तीतल्या पोरींपुढं मिरवायचे की मला ओसरीवर बोलावतात. ओसरीखाली म्हणायला पाहिजे होतं, पण मिरवताना माणूस दोन पायऱ्या वर चढतंच. मायची केली, काकीची केली, आमच्या लंगड्या आजोबाची केली. खादाड, नाटकी, बावळट पोरगी. आज समोर आली तर तिचा कान पिळीन. मग पोटाशी घेईन. मग दुसरा पिळीन.

पुढं लग्न झालं, त्याच गावात. माय गेली. तिच्या त्या हसण्याबद्दल मी तिला कधी विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

आता माझी नात वाशीमला शिकते आणि स्टँडअप करते. उभं राहायचं, माईक धरायचा, लोकांना हसवायचं, आणि हसता हसता त्यांच्याच घशात काटा अडकवायचा, असं ते काम. तिला मी एकदा ही गोष्ट सांगितली. गंमत म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, "आजी, हे तू स्टेजवर सांगशीन?"

मी म्हणाले, "मले काय कुत्रं चावलं?"

पण पोट्टी हट्टी. कुणावर गेली कुणास ठाऊक.

वाशीमजवळच्या मालेगावला भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा मेळावा होता. जेवणाच्या आधीची वीस मिनिटं नातीला मिळाली. त्यातली पाच तिनं मला दिली. मी हो म्हणून बसले आणि त्या दिवसापासून पळवाट शोधू लागले.

कारण सांगते. माझा पोरगा अजून त्याच मळ्यात आहे. विहिरीजवळचा तुकडा बटईनं, अर्ध्या वाट्यावर, करतो. मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर. कागद नाही. दर पाडव्याला तोंडी ठरतं. मालकीणबाई गेल्या, आता त्यांचा मुलगा मालक. डोक्याची चांदी झाली तरी गाव त्यांना छोटे मालकच म्हणतं. आणि छोटे मालक त्या मेळाव्याचे पाहुणे होते.

निघताना पोरगा म्हणाला, "माय, हसव लोकायले. पण मळ्याचं नाव काढू नको. पाडवा पंधरा दिवसावर आला."

मी मान हलवली. मला कुठं काढायचं होतं? मला तर घरीच राहायचं होतं.

मंगल कार्यालयात पुढं सोफे, मागं सतरंज्या. छोट्या मालकांचं भाषण झालं. ते म्हणाले, आता जुनं काही राहिलं नाही, आपण सगळे एकाच जारचं पाणी पितो. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हाताला जुनी सवय.

मग माझं नाव पुकारलं. माईक नातीनं दांडीवर लावून ठेवला होता. वर गेल्यावर कळलं, एक चप्पल खालीच राहिली. नातीनं पाठ करून घेतलेलं सगळं साफ पुसलं गेलं. समोर छोटे मालक, पाय पसरून. आईसारखंच नाक.

भ्यालेलं माणूस जे येतं तेच करतं. मी गुडघे वाकवले. ओंजळ हनुवटीला लावली. गटागटा. शहारा.

सभागृह हसलं. छोटे मालक मांडीवर थाप मारून हसले. पन्नास वर्षांनी तेच हसू, आणि माझ्या अंगात यायला लागलं. मी आणखी करणार होते. खरं सांगते, करणारच होते.

तेवढ्यात दाराकडं नजर गेली. तिथं माझा पोरगा उभा होता. तो हसत होता. मालक हसत होते, म्हणून हसत होता.

हे हसू मला ओळखीचं होतं.

मी उभी राहिले. म्हणाले, "हे झाली पेनारी. ते माही माय. आता वतनारी पाहा."

डाव्या हातानं पदर गोळा केला, शिंतोडा उडू नये म्हणून. उजव्या हातात नसलेला तांब्या धरला, खांद्याच्या वर, लांब. नाक मुरडून तोंड फिरवलं. पाणी ओतता ओतता पाहुणीशी लोणच्याच्या गप्पा मारल्या. धार ओंजळ सोडून डोक्यावर पडते, तरी लोणचं संपत नाही.

कुणी हसेना. मग सतरंजीवरून एक म्हातारी खणखणीत हसली. मग तिच्या बाजूची. मग सगळी सतरंजी. सोफे गप्प.

खाली उतरले तर छोटे मालक पुढ्यात. हसरा चेहरा. हातात सीलबंद बाटली. झाकण फोडून माझ्यापुढं धरली. आजूबाजूला मोबाईल वर झाले.

"घ्या काकू, पानी घ्या. माह्या हातानं."

मी बाटली घेतली. तोंड लावून प्याले, चांगले तीन घोट. मग तीच बाटली त्यांच्यापुढं धरली.

"आता तुमी घ्या एक घोट, मालक."

मी हात मागे घेतला नाही. ते बाटलीकडं पाहत राहिले. मोबाईलकडं पाहिलं. मग म्हणाले, "मले थंड चालत नाही."

त्यांच्या सोफ्यापुढं त्यांची बाटली होती. अर्धी संपलेली, गार, बाहेरून घाम सुटलेली. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा विनोद तो. माझा नव्हता.

जाताना ते माझ्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाडव्याले पाहू मळ्याचं काय ते."

तीन दिवस झाले. दाराशी गाडी वाजली की मालकांचा निरोप आला असं वाटतं. सून ताट आदळते. वांगी भरात आली आहेत. पोरगा रोज म्हणतो, चल, माफी मागून येऊ, बुढीचं डोकं फिरलं म्हणून सांगतो.

काल मी त्याला विचारलं, "तू कायले हसला?"

त्यानं टोपली उचलली आणि मळ्यात गेला.

येत्या रविवारी नातीला रिठदच्या मेळाव्याला बोलावलंय. मीही जाते आहे. तिथंही पुढं सोफे असतील आणि तिथंही मला भ्या वाटेल. तुकडा जाईल, बहुतेक जाईलच. माफी मागायला मी त्या अंगणात जाणार नाही. मायची नक्कल आता पुन्हा करणार नाही. ओतणारीची करीन, तिचा लेक, छोटे मालक, समोर बसले तरी करीन, आणि मी तोंड लावलेली ती बाटली सोबत नेते आहे. माझे तीन घोट सोडले तर अजून भरलेली आहे.