वसुबारसेच्या चिंध्या

अंबिकाबाई थकल्या होत्या हो, दुसरं काय सांगायचं! उज्जैनबाहेरच्या चरनोईवर, म्हणजे गावच्या चराऊ माळावर, भाकड गाईंची एक छोटी गोशाळा त्या सांभाळायच्या. शहरातल्या फ्रीगंजमधल्या घरून सकाळी ऑटोनं यायचं आणि दिवसभर गुरांमागं पायपीट करायची. गुडघे कधीच कामातून गेले होते.

म्हणून भाच्यानं, सौरभनं, गाईंच्या गळ्यात ते नवे पट्टे बांधले. मोबाइलच्या नकाशावर बोटानं रेघ ओढायची, तेच कुंपण. गाय रेघेजवळ गेली की पट्टा वाजतो, तरी पुढं सरकली तर मानेला हलका झटका. ना तार, ना खांब. "मावशी, आता आरामात बसा. बिलकुल टेन्शन घेऊ नका," सौरभ म्हणाला. बाई खरंच बसल्या.

रेघेपलीकडचं गवत उन्हाळ्यासाठी राखलेलं होतं. ते पुरलं तर सगळ्या गाई इथंच राहणार. नाही पुरलं, तर गोशाळा चालवणाऱ्या ट्रस्टचे भय्यासाहेब काही गाई दूरच्या मोठ्या गोशाळेत धाडणार, हे ठरलेलं होतं. तिथल्या त्या गर्दीत म्हाताऱ्या ढवळीला कोण विचारणार? बाईंना तोच एक घोर होता.

वसुबारस आली. बाईंचा उपास, दूध-तूप वर्ज्य. ढवळीच्या पायांवर पाणी घालताना त्यांचं पट्ट्याकडं लक्ष गेलं. जिला ओवाळायचं तिलाच झटके द्यायचे? आजच्या दिवशी तरी नको बाई. पट्टे बंद कर म्हणून सौरभला सांगावं, तर तो हसला असता. मग त्यांनी जुनं लुगडं फाडलं आणि झटका कातडीपर्यंत पोचू नये म्हणून एकेका पट्ट्याखाली मऊ चिंधी सारली. संध्याकाळी काढू म्हणाल्या.

संध्याकाळी अंगात त्राण उरलं नाही. पुढं दिवाळी, घरात पाहुणे. सौरभ सासुरवाडीला गेलेला. गडी हौद भरून निघून जायचा. चिंध्या राहिल्या त्या राहिल्याच.

भाऊबीज झाल्यावर बाई माळावर आल्या, तर राखलेलं गवत बुडख्यापर्यंत साफ! पट्टे वाजत होते आणि ढवळी निवांत रवंथ करत बसली होती.

भय्यासाहेब रागावले नाहीत. बाईंना तेच जास्त लागलं. "अब क्या कहें, अंबिका," ते म्हणाले. "अर्धी गुरं पाठवावी लागतील. म्हातारी आधी." बाईंनी हुज्जत घातली नाही. चूक आपलीच, आणि भांडायचं बळ तरी कुठून आणणार? रडू मात्र आवरेना.

ट्रक आला. बाकीच्या गाई ढकलून चढवल्या, पण ढवळी फळीवर पाय ठेवीना. माणसांनी काठी उचलली, तशा बाई पुढं झाल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी फळीवरून ट्रकमध्ये चढल्या आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "ये गं माझी बाई." ती हाक ऐकून ढवळी आपण होऊन वर आली आणि त्यांचा हात चाटत उभी राहिली.