शांत केलेला काटा

रविवार, अठरा जानेवारी. सकाळी सव्वासात. हजर: मी, आमचे हे, घड्याळवाले भाई आणि नांदूरघाटची मुलगी. गैरहजर: मुलीचे वडील. येतो म्हणाले होते, आले नाहीत. काम: नवीन अल्टिमीटरची चाचणी.

वहीतली त्या दिवसाची नोंद एवढ्यावर सुरू होते. पुढचं पान भरलेलं आहे, पण अक्षर माझं वाटत नाही.

मी बीडमध्ये एका शाळेत खेळ शिकवते. कॉलेजात छात्रसेनेतून पहिली पॅराशूट उडी मारली. मग नोकरी, लग्न, दोन मुलं. पस्तिशीत पुन्हा सुरुवात केली, त्यालाही आता बारा वर्षं झाली. वर्षातून दोनदा परराज्यातल्या एका शिबिराला जाते, स्वतः उड्या मारते आणि नव्या मुलींची जमिनीवरची तयारी करून घेते. विमानातून उडी मारणाऱ्याच्या मनगटावर अल्टिमीटर बांधलेला असतो. जमीन अजून किती फूट खाली आहे ते तो दाखवतो, आणि पॅराशूट कधी उघडायचं ते त्यावर ठरतं. माझा जुना अल्टिमीटर काट्याचा होता. गोल तबकडी, एक काटा, मनगटाला पट्टा. घरात त्याला कुणी अल्टिमीटर म्हटलंच नाही. सगळे घड्याळ म्हणायचे. मीही.

नवीन इलेक्ट्रॉनिक यंत्र आठवड्यापूर्वी आलं होतं. काडेपेटीहून थोडं मोठं, नुसते आकडे. आल्या दिवशी मनगटावर बांधून आमच्या गच्चीवर गेले. तीस फूट दाखवलं. खाली अंगणात आले, शून्य. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबले, वीस. पायऱ्या मोजल्या, टेपने एका पायरीची उंची घेतली, गुणाकार केला. बरोबर होतं. तरी मन मानेना. काटा कुठून कुठे चाललाय ते दिसतं. वाटेत असताना तो वाटेतच असतो. हा आकडा वाटेत कधी नसतोच. होता तीस, झाला वीस, विषय संपला. मिठाईवाल्याच्या काट्यावर पेढे तोलून घेणाऱ्या माणसाच्या हातात कुणी पावती द्यावी, तसं वाटलं.

म्हणून रविवारची चाचणी ठरवली. डाव्या मनगटावर जुना, उजव्यावर नवा. बीडला घरासमोर दोन्ही शून्यावर लावायचे, मांजरसुंब्याचा घाट चढायचा, वर चहा, मग कपिलधारला गाडी वरच लावून पायऱ्यांनी खाली उतरायचं. दर टप्प्याला दोन्ही आकडे वहीत. शेवटी जुना अल्टिमीटर मुलीच्या हातात द्यायचा.

हे शेवटचं काम जरा नाजूक होतं. मुलगी बावीस वर्षांची, नांदूरघाटच्या शेतकऱ्याची. माझ्याच शाळेत शिकलेली. नोव्हेंबरच्या शिबिरात तिची पहिली एकटीची उडी होती आणि मी कौतुकाने माझं घड्याळ तिच्या हाताला बांधलं होतं. साडेपाच हजार फुटांवर पॅराशूट उघडायचं, हे तिच्याकडून शंभरदा म्हणवून घेतलं होतं. तिनं ते इतक्या खाली येऊन उघडलं, की खाली उभे असलेल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पाय टेकल्यावर विचारलं तर म्हणाली, काटा अजून वरच होता. मला खाली म्हशी दिसल्या, म्हणून ओढलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "म्हशी मोजायला वर गेलतीस का? अभ्यासात घड्याळ आहे, म्हशी नाहीत." त्यानंतर शिबिरभर पोरी तिला म्हैस म्हणत होत्या. मी अडवलं नाही. तिच्या उड्यांच्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात मी लाल शाईने लिहिलं: उंचीचे भान नाही. घड्याळ पाहत नाही.

तो शेरा तिच्या वडिलांनी वाचला. मॅडमनी लिवलंय म्हंजी खरंच असंल, असं म्हणून त्यांनी पुढच्या शिबिराच्या अर्जावर सगळ्याच मुलींना लागणारी पालकांच्या संमतीची सही करायचं नाकारलं. अर्जाची मुदत येत्या शनिवारपर्यंत. चाचणीला वडिलांना बोलावलं होतं ते एवढ्यासाठीच: यंत्रं दाखवावीत, चार शब्द बोलावेत, जुनं घड्याळ पोरीला द्यावं, म्हणजे त्यांचं मन वळेल. शेरा खरा होता, पण पोरगी सुधारू शकते, असं मी सांगणार होते.

भाई आले ते उत्सुकतेपोटी. त्यांचं बीडला घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचे अब्बाही तेच करायचे. दोन वर्षांपूर्वी माझा अल्टिमीटर त्यांनी साफ करून दिला होता. आमचे हे आणि भाई शाळेपासूनचे दोस्त, त्यामुळे गाडीत पुढच्या सीटवर त्यांचं सारखं एकमेकांना बे-बे चाललेलं. घाट सुरू झाला तसे माझ्या उजव्या मनगटावरचे आकडे दहा-दहाने चढू लागले आणि मी ते मोठ्याने वाचू लागले. आमचे हे म्हणाले, आता पंक्चर झालं तर कितव्या फुटावर झालं तेही लिहून ठेव. भाई म्हणाले, "तू गाडी चालव बे. मॅडमची गिनती चुकंल."

वर पोचलो तेव्हा दोन्ही यंत्रं चारशेच्या आसपास होती. मी समाधानाने खुणा केल्या. चहा घेतला, पोरीनं बिस्किटं आणली, अर्धा-पाऊण तास बसलो. उठताना सहज उजव्या मनगटाकडे पाहिलं. शून्य.

मला वाटलं बंद पडलं. बंद नव्हतं. पुस्तिका काढून पानं चाळली, तर एका कोपऱ्यात लिहिलेलं सापडलं: यंत्र बराच वेळ एका जागी स्थिर राहिलं, तर ते त्याच जागेला जमीन धरतं. म्हणजे आम्ही चहा प्यायलो आणि यंत्राने बीड सोडून मांजरसुंबा ही जमीन ठरवून टाकली. ज्या जमिनीवर उतरायचं ती एक आणि यंत्राच्या मनातली दुसरी, असं झालं तर? भाईंनी यंत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "ह्याला सबर न्हाई, मॅडम. जिथं बसलं ते घर समजतं." वहीत लिहिलं: विमानात चढण्याआधी शून्य तपासणे, दर वेळी. खाली दोन रेघा मारल्या. त्या क्षणी मी अगदी ठामपणे जुन्या काट्याच्या बाजूची होते. पोरीला म्हटलंही, बघ, तुला मिळतंय तेच खरं.

कपिलधारला गाडी वर लावली. दरीत अजून ऊन उतरलं नव्हतं. पायऱ्यांवर चांगलीच थंडी होती. धबधब्याची नुसती धार राहिली होती. भाविक थोडे होते. उतरता उतरता नव्या यंत्राच्या आकड्याआधी एक आडवी रेघ आली. उणे चाळीस. उणे नव्वद. मनगटावर उणे उंची मी जन्मात पाहिली नव्हती. आमचे हे मागून म्हणाले, "म्हणजे आपण गाडलो गेलो."

मंदिराजवळ थांबून वही उघडली. उजवा हात: उणे एकशे साठ. डावा हात: चारशे.

मी चारशे लिहिलं. पुढच्या ओळीवर गेले. मग परत वर आले. चारशे वर होतं. चहाच्या दुकानापाशी होतं. आम्ही तिथून एवढ्या पायऱ्या उतरून आलो होतो आणि काटा अजून चहाच प्यायला बसला होता. तिथे दोनशे चाळीस असायला हवं होतं. मी हात हलवला. काटा ढिम्म. अतिशय शांत, अतिशय विश्वासू दिसणारा.

पोरगी माझ्या डाव्या हाताकडेच पाहत होती.

भाईंनी माझं मनगट धरलं आणि काचेवर नखाने टक्‌ केलं. काट्याने एकदम उडी मारली आणि दोनशे चाळीसवर जाऊन बसला.

भाईंचा चेहरा उतरला होता. मी विचारलं, यात तुम्ही काय घातलं होतं?

"तेल, मॅडम. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचं, जाड." ते थांबले. "तुमीच बोलले होते, काटा लई थरथरतो म्हणून. मी शांत केला."

मी बोलले होते. दुकानात देताना चिठ्ठीवर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: हातातले घड्याळ, काटा थरथरतो. घड्याळाचा काटा थरथरला तर तो बिघाड असतो. गिऱ्हाईक परत येतं, दुकानाचं नाव जातं. भाईंनी घड्याळवाल्याने करायचं ते चोख केलं होतं. वाऱ्याच्या माऱ्यात थरथरणं हाच या काट्याचा जिवंतपणा, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. ते मला माहीत होतं, आणि तरी मलाच त्याची कटकट झाली होती. गाडीच्या हादऱ्यांनी काटा घाटात बरोबर सरकला. थंडीत, हादरा नसताना, तेल घट्ट झालं आणि तो अडकला. दहा-बारा हजार फुटांवर कपिलधारहून कितीतरी जास्त थंडी असते.

मग दुसरा हिशेब आपोआप डोक्यात सुरू झाला. त्या तेलानंतरच्या माझ्या उड्या, वहीप्रमाणे, एकतीस. एकतीस वेळा हे मनगटावर होतं. मला कधीच कसं कळलं नाही? उत्तर सोपं होतं आणि मला ते नको होतं. मी पाहतच नव्हते. बरोबरच्यांच्या खुणेवर, सवयीवर, अंदाजावर उघडत होते. घड्याळ पाहत नाही, हा शेरा मी ज्या हाताने लिहिला त्याच हाताचा होता.

"मी तवाच म्हणले व्हते, मॅडम," पोरगी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "काटा साडेसात हजारावर व्हता. खाली म्हशी दिसाया लागल्या. साडेसातावरनं म्हशी दिसत न्हाईत, हे मला कळलं. म्हणून ओढलं."

उंचीचे भान नाही. त्या दिवशी त्या आकाशात उंचीचं भान असलेली ती एकटीच होती. तिनं घड्याळावर विश्वास ठेवला असता, माझं ऐकलं असतं, तर काय झालं असतं, ते मी वहीत लिहिलं नाही. लिहायला गेले आणि पेन थांबलं. तिथे एक ठिपका आहे फक्त.

भाई म्हणाले, आत्ता दुकान उघडतो, पेट्रोलने धुऊन कोरडं करून देतो. मी नको म्हटलं. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, मी घड्याळ समजून केलं. आमच्या ह्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चल बे, आम्हीपण घड्याळच समजत होतो.

परत चढताना मी नवीन यंत्र पोरीच्या मनगटावर बांधलं. तिनं त्यावर तळहात ठेवला आणि दर वळणावर आकडा आधी सांगून मग हात काढला. उणे शंभर म्हणाली, उणे नव्वद निघाले. उणे पन्नास म्हणाली, उणे पन्नासच. मी मागून चढत होते.

गाडीपाशी आल्यावर आमचे हे म्हणाले, बीडला कशाला, इथून सरळ नांदूरघाट गाठू. नेकनूरवरून जाऊ, दुपारपर्यंत पोचू. मी म्हटलं, आधी कागद नीट करू. शिबिराला कळवू, शेरा लेखी मागे घेऊ, मग जाऊ. हातात काहीतरी असावं. पोरगी दाराला धरून उभी होती.

"कागदानं न्हाई व्हायचं, मॅडम. कागदानंच तर झालंय." मग म्हणाली, "तुमी समोर बसून सांगा. तुमी चुकला म्हणून. तरच पटंल त्यांना."

नेकनूरच्या फाट्यावर तिला बसमध्ये बसवून दिलं आणि आम्ही मागे फिरलो.

आज गुरुवार. जुन्या अल्टिमीटरला लाल फडकं बांधून, वापरू नये अशी चिठ्ठी लावून तो कपाटात ठेवला, रविवारीच. शिबिराच्या प्रमुखांना सोमवारी फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लेखी मागितलं, मंगळवारी पाठवलं. त्यात शेरा चुकीचा होता, चूक यंत्राची आणि माझी होती, आणि विद्यार्थिनीचा निर्णय योग्य होता, असं तीन वाक्यांत लिहिलं. नव्याने शिफारस लिहून अर्जाला जोडली. शिबिरातल्या ज्या ज्या मुलींचे नंबर होते त्यांना, म्हैस म्हणायचं का थांबवायचं, ते एकेकीला सांगितलं. भाईंनी दुकानात पाटी लावली आहे: घड्याळाशिवाय दुसरे काही दुरुस्तीस आणू नये.

वहीत केलेल्या कामांच्या यादीत सगळ्यांपुढे खूण झाली. शेवटच्या ओळीपुढे नाही: नांदूरघाट. वडिलांसमोर बसून, मी चुकले, असे तोंडाने सांगणे. परवा शनिवार आहे.