घराण्याचा रकाना

२२ ऑगस्ट १९५८, शुक्रवार, सकाळी सव्वासात. परळच्या इस्पितळात खाटेजवळ आम्ही चौघं होतो: सासूबाई, माझे यजमान, प्रयोगशाळेतले डॉक्टर आणि मी. पाच दिवसांच्या तापाने माझे धाकटे दीर रमाकांत गेले. वय एकोणचाळीस. मी वेळ लिहून ठेवली, त्यांच्या कपड्यांची यादी केली, कुणाकुणाला कळवायचं ते ठरवलं... हात थांबू नयेत एवढंच बघत होते. सात आठवडे झाले, अजून ते थांबत नाहीत.

भाऊजी त्याच इस्पितळात रक्त तपासायचं काम करत. डॉक्टरांनी मधुमेहाची पाहणी काढली होती. हा आजार गाठतो कुणाला? गिरणीत मागावर उभं राहणाऱ्याला, की कचेरीत बसून लिहिणाऱ्याला? आमची लालबागची चाळ भाऊजींनी अंगावर घेतली. रविवारी सकाळी माणसांना चहासुद्धा घेऊ न देता इस्पितळात न्यायचे, रक्त काढायचे आणि कार्डावर वय, काम, कमरेचा घेर लिहायचे. शेवटचा रकाना घराण्याचा: आईवडील, भावंडं, कुणाला मधुमेह? संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघालेल्यांनाही ते जिन्यात अडवत. "मुंबई मिळवालच हो, पण वडील कशाने गेले ते सांगून जा!"

खरं कुणी सांगत नसे. लग्नाची मुलगी कुणाच्या घरी नाही? एका दुपारी कार्डांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकून भाऊजी म्हणाले, "वहिनी, अख्ख्या चाळीत एकाचेही वडील मधुमेहाने गेलेले नाहीत. कुणी खिळा लागून, कुणी नजर लागून!" मी हसले. माझ्या वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता आणि आमच्या गिरगावच्या घरी त्याचं कारण 'गंजका खिळा' असंच सांगतात. ते लघवीला जाऊन आले की मोरीत मुंग्यांची रांग लागायची, ती मात्र मी डोळ्यांनी पाहिलेली.

पुढच्याच रविवारी माझी साखर जास्त निघाली. भाऊजींनी माझा भात अर्ध्यावर आणला आणि विचारलं, "माहेरी कुणाला?"

"नाही."

"नीट आठवा. तुमच्यासाठी नाही, श्रीधररावांसाठी विचारतोय. चाळिशी उलटली, खुर्चीतलं काम, पोट सुटलेलं."

"नाही म्हटलं ना, भाऊजी!"

श्रीधर माझा धाकटा भाऊ. त्याच्या मुलीचं जमत आलं होतं. त्याने मला बजावलं होतं, "ताई, बाबांचा आजार बाहेर काढलास तर माझी पोर घरात राहील."

भाऊजी गेल्यावर डॉक्टरांनी कार्डं माझ्याकडे पाठवली. माझं अक्षर बरं, नक्कल करून द्याल का म्हणाले. बाकीच्या कार्डांवर शेवटच्या रकान्यात शाईने 'नाही' होतं. माझ्या कार्डावर तो रिकामाच होता, खाली फक्त पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: 'वहिनी सांगतील. थांबणे.' मी खोटं बोलते आहे हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांनी ते कागदावर येऊ दिलं नव्हतं. मी टाक घेतला, 'वडील: होय' असं लिहिलं आणि कार्ड डॉक्टरांना दिलं. तेवढं झालं.

श्रीधरला सांगणं मात्र झालेलं नाही. गणपतीत नवा बूट चावला, त्याच्या टाचेची जखम अजून ओली आहे. मी दोनदा गिरगावला जाऊन आले. पहिल्यांदा मुलाकडची मंडळी बसलेली. दुसऱ्यांदा मी टाचेकडे पाहिलं तेव्हा तोच म्हणाला, "बूट चावलाय गं, त्यात काय एवढं! तू आधी पत्रिकेचा मजकूर बघ." मी मजकूर बघितला, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या, रुखवताची यादी करून दिली... आणि परत आले.

आज गुरुवार. भाऊजींवरचा हा लेख मी वर्तमानपत्राला देते आहे; तो रविवारच्या पुरवणीत येईल, आणि श्रीधर सकाळी आधी पुरवणीच उघडतो. त्याआधी गिरगावला जाऊन त्याला हे माझ्या तोंडाने सांगायचं आहे आणि उपाशीपोटी परळला न्यायचं आहे.